लोडशेडिंगची बाळं

मावशींचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. मी डॉक्टर, वंध्यत्वावर संशोधन करणारी. मावशी माझ्या भिवंडीच्या दवाखान्यातल्या आया. केसपेपर लावायचे, बायकांना तपासणीच्या टेबलावर चढवायचं, उतरवायचं, हे त्यांचं काम. जवळच राहनाळला त्यांच्या शेतावर गोदामं उभी राहिली होती, भाडं येत होतं, नोकरीची गरज मुळीच नव्हती. घरात बसून कंटाळा येतो म्हणून हातात जाड पाटल्या घालून यायच्या. पण माझा हेवा पाटल्यांचा नव्हता.

दवाखान्यात येणाऱ्या बायका, बहुतेक उत्तरेकडून आलेल्या कामगारांच्या, त्यांच्याशी बोलायच्या, हे माझं दुखणं. मी समोर छापील प्रश्नावली घेऊन बसायची. पाळी कधी, लग्नाला किती वर्षं, पती सोबत राहतात का. माझं हिंदी अगदी स्वच्छ. तरी समोरची बाई जमिनीकडे बघून हाँ जी, नहीं जी यापलीकडे जायची नाही. तीच बाई बाहेर बाकावर मावशींशेजारी टेकली की पाच मिनिटांत सासूपासून नणंदेपर्यंत सगळं बाहेर. मावशींचं हिंदी म्हणजे निम्मं मराठी आणि उरलेलं हातवारे. पडद्याआडून हसणं ऐकू यायचं आणि आत माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी बजावलं की ओपीडीत गप्पा नकोत. मावशी दोन दिवस गप्प राहिल्या. बायकाही राहिल्या.

माझं संशोधन तेव्हा ऐन रंगात होतं. यंत्रमागावरचा, म्हणजे लूमवरचा माणूस पत्र्याखाली बारा बारा तास उभा असतो. त्या उष्णतेनं त्याचे शुक्रजंतू कमी होतात आणि म्हणून या वस्त्यांमधल्या कितीतरी जोडप्यांना मूल होत नाही, असा माझा सिद्धांत होता. मुंबईचे माझे मार्गदर्शक सर तो उचलून धरत होते. नवऱ्यांना तपासणीसाठी राजी करण्यात माझी काही वर्षं गेली होती. लोक माझ्या दवाखान्यासमोरून मान खाली घालून जायचे.

मग ते लोडशेडिंगचं वर्ष आलं. भर दुपारी तास न् तास वीज गायब. लूमचा खडखडाट थांबला की गावाला कान फुटल्यासारखं वाटायचं. मालक हवालदिल, कामगार हवालदिल, आणि माझ्या रजिस्टरमधल्या बायका मात्र एकेक करून पाळी चुकल्याचं सांगायला येऊ लागल्या. मला आकाश ठेंगणं झालं. लूम बंद, म्हणजे उष्णता कमी, म्हणजे शुक्रजंतू सुधारले. जो प्रयोग मी जन्मात करू शकले नसते तो वीज मंडळानं मला आयता करून दिला होता. नवऱ्यांच्या नव्या तपासण्यांमध्ये फरक जवळजवळ नव्हता, हे मला दिसलं होतं. नमुने थोडे आहेत, असं म्हणून मी ते कागद बाजूला ठेवले. संशोधन करणाऱ्यानं जे करू नये तेच केलं.

त्या आनंदात मी एका दुपारी मावशींना माझा सिद्धांत सोपा करून सांगितला. खरं सांगायचं तर थोडी ऐट दाखवायची होती. मावशी धुतलेल्या हातमोज्यांना पावडर लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "मॅडम, गरमीचा काय न्हाय. लाईट गेली का लूम बंद, नवरा दुपारचा घरा येतो. खोलीतली बाकीची मानसा चायच्या टपरीवर बसतान, त्यांना बी समजतं. तवाच त दोघांना खोली मिलते. यवराच हाय."

मी हसले. हसू खोटं होतं. आत काहीतरी धाडकन कोसळलं होतं, कारण ऐकता क्षणीच मला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बायकांना वेगळं विचारू लागले. पती सोबत राहतात का, या प्रश्नापुढे माझ्या सगळ्या कागदांवर 'होय' होतं, आणि ते खरंही होतं. एकाच खोलीत राहत होते. पण पंधरा दिवस नवऱ्याची रात्रपाळी, तेव्हा दिवसा तो आणि खोलीतले बाकीचे झोपलेले. पुढचे पंधरा दिवस दिवसपाळी, तेव्हा रात्री त्याच खोलीत दीर आणि गावाकडची आणखी दोन माणसं झोपलेली. नवराबायकोला एकांत कधी, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी हार्मोन तपासले, नळ्या तपासल्या, महागडी औषधं लिहिली. उत्तर देताना बायका माझ्याकडे न बघता मावशींकडे बघत. एक तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि कळसा दाखवणारी चौथी शिकलेली. मला स्वतःचा राग यायला हवा होता. आला तो मावशींचा.

निबंध मी नव्यानं लिहिला. उष्णतेचा सिद्धांत काढून टाकला. कामाच्या पाळ्या, खोल्या, एकांत, सगळं नीट मांडलं. विज्ञानाशी मी अगदी प्रामाणिक राहिले. मुंबईच्या परिषदेत तो वाचला, टाळ्या पडल्या. सर व्यासपीठावरून म्हणाले की हा प्रश्न सुचायला त्या बायकांमध्ये बसावं लागतं, आणि आमची ही विद्यार्थिनी तिथे बसली. माइक माझ्या पुढ्यातच होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी "थँक यू, सर" म्हटलं आणि खाली बसले.

परत आले तेव्हा मावशींनी विचारलं, "मोठ्या डॉक्टरांना सांगितलांव का, ह्या आमच्या मावशीनं सांगितला म्हनून?" आवाजात तक्रार नव्हती. लग्नाला गेलेल्या माणसाला जेवण कसं होतं विचारावं, तसं विचारलं.

"सांगितलं," मी म्हटलं. "तुमचं नाव घेतलं सगळ्यांसमोर."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या. हातात स्टीलचा डबा, त्यात साफ करून, हळद-मीठ लावून आणलेलं जिताडं, इकडचा मानाचा मासा. खाडीचं आहे, दिराला पहाटे पाठवून आणवलं, असं म्हणाल्या. मग दिवसभर बाकावरच्या प्रत्येक बाईला ती गोष्ट सांगितली. मुंबईच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी माझं नाव ऐकलं म्हणून. बायका त्यांचा हात हातात घेऊन बघत होत्या.

मी ते जिताडं घरी तळलं आणि खाल्लं. फार चांगलं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या मावशींचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. कधी घडलंच नव्हतं अशा गोष्टीचा तो आनंद होता, आणि तरी तो माझ्या टाळ्यांपेक्षा भरलेला होता. मला त्याचाही हेवा वाटला.

काही आठवड्यांनी निबंधाची मुद्रितं तपासायला आली. वर दोन नावं होती, माझं आणि सरांचं. शेवटी आभाराचा परिच्छेद होता, आणि त्याखाली निम्मं पान कोरं. मावशी तेव्हा पडद्यापलीकडे कुणाला तरी टेबलावर चढवत होत्या. मी पेन उघडलं, स्पेलिंगच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि कागद परत पाकिटात घातले.