लाल खडा

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. गिऱ्हाइकाला बाकीचं जग दिसतं ते मात्र त्याच्यामुळे. मित्र त्याला भिंग्या म्हणतात, पन्नाशी उलटली तरी. रविवारी दुपारी जेवण झालं की हा गृहस्थ कंट्रोलर हातात घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि राक्षस मारतो.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. राक्षस मारून पदरात काय पडतं, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"लाल खडा, दादा. कठीण लेव्हलवर मारला तरच पडतो. तो हत्यारात बसवायचा."

"आणि मग?"

"मग त्याहून मोठा राक्षस."

माझ्या नोकरीचंही साधारण असंच चाललं होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही.

टोळी चौघांची. आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकत्र खेळायची. एक ट्रक चालवणारा, अंगाने काडी, म्हणून त्याचं नाव पहिलवान. एक शाळेतल्या बाई. त्या लांबून बाण मारत आणि सगळ्यांना धाकात ठेवत. चौथा घड्याळजी, भिंग्याचा सर्वांत जुना मित्र. पूर्वी दोघं एकाच गाळ्यात बसत. एका भिंतीशी घड्याळं, दुसऱ्या भिंतीशी चष्मे, आणि दिवसभर एकमेकांची टिंगल.

गेममध्ये घड्याळजी दोन सुऱ्या घेऊन सगळ्यांच्या पुढे असे. राक्षसाने हात उगारला की तो खाली यायच्या आत बाजूला सरकायचं आणि वार करायचा. तो नेमका क्षण घड्याळजीला बरोबर सापडायचा. भिंग्या वैद्य. त्याने मागे राहायचं आणि कुणी पडलं की धावत जाऊन उठवायचं.

मग घड्याळजीचा हात कापायला लागला. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटू लागले आणि त्याने कामच बंद केलं. खरं कारण त्याने फक्त भिंग्याला सांगितलं. "हात ऐकत नाही रे. बाकीच्यांना बोलू नकोस."

खेळताना तो आता वरचेवर पडू लागला. पहिलवानाला काय माहीत?

"काय घड्याळजी, आज चावी द्यायची राहिली वाटतं!"

"थांब रे, तेल घालतो," घड्याळजी हसून म्हणायचा. भिंग्या धावत जाऊन त्याला उठवायचा. एका रविवारी पहिलवान वैतागून म्हणाला की घड्याळजीने आता मागे राहावं, पुढे मी जातो. भिंग्याला ते सहन झालं नाही. त्याने पहिलवानाला आणि बाईंना वेगवेगळं गाठून सगळं सांगून टाकलं. इंटरनेटवरची खेळाची खोली उघडायची ती भिंग्याने, त्यामुळे लेव्हलही त्याच्याच हातात. पुढच्या रविवारी त्याने कठीणचं सोपं केलं. या बेतात चूक आहे असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही, तो मला सांगत होता तेव्हा मी मान डोलावली होती.

त्या दिवशी भिंग्याचा कान दुखत होता, म्हणून हेडफोन न लावता त्याने सगळ्यांचा आवाज टीव्हीवरच घेतला होता. मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो.

"वा घड्याळजी! काय हाणलंस!" पहिलवान ओरडला. आयुष्यात कुणाला बरं न बोललेला माणूस तो. दोन वारांनंतर पुन्हा, "वा!"

राक्षस लगेच कोसळला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"खडा कुठे आहे?" घड्याळजीने विचारलं.

"पडेल की. कधी कधी उशीर होतो," बाई म्हणाल्या. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना त्या एवढी वर्षं पकडत आल्या होत्या, पण स्वतःला मात्र खोटं बोलणं जमलं नाही.

"बाई, तुम्हीसुद्धा?" घड्याळजी म्हणाला. "भिंग्या, सोपं केलंस ना?"

"अरे, म्हटलं जरा..."

"माझ्या हाताचं सांगितलंस यांना."

भिंग्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"पडू द्यायचं होतंस मला. मी पडायचो, तू धावत यायचास. त्याचं मला काही वाटत नव्हतं रे."

पडद्यावर घड्याळजीच्या नावाचा दिवा विझला. फोन केला तर उचलेना.

आठवड्याने भिंग्या त्याच्या घरी गेला. परत आला तो चप्पल न काढताच खुर्चीत बसला. माझ्या बायकोने पाणी दिलं.

"बोलले का नीट, भाऊजी?"

"छान बोलला, वहिनी. चहा झाला. मुलीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. पोटभर हसलासुद्धा."

"मग झालं तर!"

भिंग्याने नकारार्थी मान हलवली. गाळ्यातल्या दिवसांत घड्याळजीची एक रीत होती. जे घड्याळ दुरुस्त होणार नाही, ते तो उघडं परत देत नसे. स्वच्छ पुसायचा, पांढऱ्या मऊ कापडात गुंडाळायचा आणि दोन्ही हातांनी मालकाच्या हवाली करायचा. मालक कापड बघूनच समजायचा. निघताना घड्याळजीने तसंच एक पुडकं भिंग्याच्या हातात ठेवलं होतं. आत त्याचा कंट्रोलर होता.

ते पुडकं अजून टीव्हीखाली आहे. भिंग्याने ते परत नेऊन दिलं नाही आणि कंट्रोलर वापरलाही नाही. रविवारी तो खोली उघडतो. चौथी जागा रिकामी दिसली की अनोळखी माणूस आत घेऊ का, असं गेम विचारतो. तो नाही म्हणतो. पुढे सुऱ्या घेऊन कुणी नाही, त्यामुळे तिघंही सपाटून मार खातात. पहिलवान आता कुणालाच चिडवत नाही.

परवा न राहवून मी म्हटलं, "अरे, दर वेळी हरता. जरा सोपं करून घ्या ना."

"नको, दादा," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा कठीणवर बोट दाबलं. "तो आलाच एखाद्या दिवशी, तर पहिल्यांदा तेच बघेल."