प्रल्हादची डावी पापणी

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कशानं?" सांगणारा आमच्याच चिकलठाण्याच्या कारखान्यातला. म्हणाला, "आता तुम्हाला काय सांगायचं... सवय होती ना त्यांना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रल्हादनं दारूचा थेंब कधी चाखला नव्हता. आणि मी काही भोळा नाही. दूधवाल्याचं मापसुद्धा डोळे फाडून बघणारा माणूस आहे.

मी मशीनवर, तो माझ्याच पाळीत तयार मालाची तपासणी करायचा. सकाळी पास केलेला माल संध्याकाळी नापास करू लागला. एका रेघेच्या दोन दिसायच्या, नजर धुरकट, डावी पापणी खाली आलेली. त्याला आधी ट्यूबलाइटचा संशय, मग माझा. "तुझंच मशीन हलतंय लेका!" यावरून आम्ही कडाक्याचे भांडलोही. बाकीच्यांनी मात्र निकाल लावून टाकला होता. ताडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात, हा तर ताडाखाली बसलाही नव्हता. दवाखान्यात जायचा तो सकाळी, झोप काढून, पापणी वर गेल्यावर. एका डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला, दुसऱ्यांनी साखर तपासली, तिसऱ्यांनी लकव्याच्या शंकेनं डोक्याचा फोटो काढला. सगळं चोख. चोख निघालं तसा लोकांचा संशय आणखी पक्का!

शेवटी एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी त्याला तसाच गाडीवर बसवून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी त्याला छताकडे बघायला लावलं, तर पापणी आणखीच घसरली. मग हातमोज्यात बर्फ भरून डोळ्यावर धरला... आणि पापणी उचलली! "बर्फानं बरं होतंय तर रसवंतीवालाच डॉक्टर की, मॅडम," प्रल्हाद म्हणाला. बाई हसल्या. रक्त तपासून म्हणाल्या, नसांचा निरोप स्नायूंना नीट पोचत नाही, म्हणून ते लवकर थकतात. श्वासाला त्रास झाला तर एक क्षण थांबू नका. गोळ्यांनी गुण आला. त्यानं साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, "असा कुठं आजार असतो का?" पुढं छातीत कफ झाला आणि श्वासाचे स्नायूच थकले. दवाखान्यात नेलं होतं, पण उपयोग झाला नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पयले मीबी रोज दारातच त्यांचं तोंड हुंगायची. आजार कळल्यावर मी सोडलं, पण त्यांनी नाय सोडलं. चपला काढायच्या आधी 'हा...' करून उभे राहायचे. 'कर तपासणी' म्हणायचे, लई हसायचे. शेवटच्या दिवशी मी पलंगाशी वाकले, तर मास्क सरकवून तोंड उघडलं... नुसतं उघडलं, भाऊजी. वारा आलाच नाय."

संध्याकाळ झाली होती, पाळी सुटून घरी यायची वेळ. एवढं बोलून वहिनी उठल्या आणि दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.