दादाच्या पिकअपचा हवेचा पाइप

मंगळवारी सकाळी दादा गेला. तो बाल्कनीत बसून पाइप कापत होता. वहिनीने चहासाठी हाक मारली. त्याने ओ दिली नाही. ती बाहेर आली तेव्हा करवत पाइपमध्ये होती आणि दादा भिंतीला टेकला होता.

दादा माझा थोरला भाऊ. त्याची सगळी नोकरी केंद्र सरकारात झाली आणि संसार दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. निवृत्तीनंतर त्याने नोएडाच्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. तळमजला वहिनीच्या झाडांसाठी. झाडं वाढत गेली, शेजारीपाजारी मागायला लागले, आणि बघता बघता दोघांचा उद्योगच उभा राहिला. लोकांच्या बाल्कन्यांत कुंड्या, माती, खत पोचवायचं आणि बाग लावून द्यायची. त्यासाठी एक जुनी पिकअप घेतली. दादाचे गुडघे दुखायला लागल्यावर त्याने सेक्टरमधल्या मोकळ्या रस्त्यांवर वहिनीला ती चालवायला शिकवली. मग वहिनी चालवायची आणि तो शेजारी बसून सूचना करायचा.

पिकअपबद्दल त्याची तक्रार एकच. मातीची पोती भरली की फ्लायओव्हर चढताना ती धापा टाकायची. मेकॅनिक म्हणाला, "इंजन ठीक है साहब, उमर हो गयी है." वय हे कारण दादाला कधीच पटत नसे, गाडीच्या बाबतीत तर नाहीच. त्याने पंधरवडाभर व्हिडिओ पाहिले आणि एके दिवशी मला फोन केला.

"अरे, हिचं नाक चोंदलंय."

मग त्याने समजावून सांगितलं. हवा आत घेणारा कंपनीचा डबा तोंडाशी अरुंद असतो, त्याची नळी दोनदा वळते, आणि बॉनेटखालची तापलेली हवाच तो ओढतो. तापलेली हवा विरळ असते. त्याऐवजी रुंद, सरळ पाइप घालायचा, पुढे दिव्याजवळची गार हवा घ्यायची आणि टोकाला मोठा फिल्टर लावायचा.

"मे महिन्यात नोएडात गार हवा कुठून आणणार आहेस?" मी विचारलं.

"तू आपला ग्रंथालयात बस," तो म्हणाला. मी खरोखरच एका सरकारी ग्रंथालयात नोकरी करतो.

पाइप आणला त्याच दिवशी त्याने जुना डबा काढून कबाड्याला भंगारात देऊन टाकला. वहिनी चिडली. तो म्हणाला, "ठेवला असता तर कंटाळून परत तोच लावला असता. मी मला ओळखतो." त्यामुळे तो गेला तेव्हा पिकअप पार्किंगमध्ये बॉनेटखाली एक उघडं भोक घेऊन उभी होती. भोकात त्याने फडकं कोंबलं होतं आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

तेरावं झालं, पाहुणे गेले. वहिनीने मला समोर बसवलं.

"एक टेंटवाला आलेला, मांडवाचं सामान न्यायला गाडी हवी म्हणून. म्हणाला, जैसी है वैसी उठा लेंगे. रविवारी येतोय."

"मग?"

"भाऊजी, झाडांचं काम मला सोडायचं नाहीये. गाडी चालली तर ठेवीन. पण ती अशीच उभी राहणार असेल, तर रोज खिडकीतून बघत बसायला मला जमणार नाही."

"मी करून बघतो," मी म्हणालो.

"तुम्ही?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "चलो. आधी त्यावर एखादं पुस्तक मागवून घ्या."

पुस्तक मागवलं नाही, पण व्हिडिओ सगळे पाहिले. दादाने पाहिलेलेच. बाकीचं सामान त्याने आणून ठेवलं होतं: रबरी जोड, आवळायच्या क्लिपा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. रजा टाकली आणि बाल्कनीत त्याच्या जागी न बसता जरा बाजूला बसलो. पाइपवर त्याने पेन्सिलने रेघ आखून ठेवली होती आणि अर्ध्याहून जास्त कापून झालं होतं. राहिलेलं मी कापलं. माझा काप किंचित तिरका गेला. त्याचा काप आणि माझा काप कुठे जुळतात ती खूण कानस मारून घालवावी लागली, आणि ते मला नकोसं झालं, पण काठ गुळगुळीत नसेल तर रबर फाटतं.

नंतर पाइप धुण्यात एक सकाळ गेली. हवा दाबून इंजिनात भरणारा एक पंखा असतो, त्याला टर्बो म्हणतात. धातूचा एक कीस जरी त्यात गेला तरी तो निकामी होतो. मी पाइपमधून ओलं फडकं ओढत राहिलो, उजेडात धरून बघत राहिलो. वहिनी म्हणाली, "मोत्यांचा हार करताय का?"

इंजिनाची धग फिल्टरला लागू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा हवा होता. पुस्तकांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी माप घेतलं, मग त्यावरून पत्रा कापला. वहिनी टॉर्च धरून उभी होती. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ फिरायला निघाले होते, ते थांबले.

"भाईसाब, ये क्या बन रहा है? हुक्का?"

"जी, गाडी के लिए," वहिनी म्हणाली. "ये पीती बहुत है."

शुक्रवारी सगळं बसलं. आणि मग मला एक गोष्ट सुचली. दिल्लीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हवा ही गाळून घ्यायची वस्तू वाटते. आमच्या घरात दिवाळीपासून होळीपर्यंत प्युरिफायर बंद होत नाही, खिडक्यांच्या फटींना टेप असते. दादाकडेही तेच. उघड्या फिल्टरकडे बघून माझा जीव खालीवर व्हायला लागला. समोर रस्ता खोदलेला, धूळ उडत असलेली. प्युरिफायरचा एक नवा, सुटा फिल्टर दादाच्या कपाटात होता. तो मी उलगडला, त्याचा पांढरा थर कापून शंकूभोवती नीट गुंडाळला आणि तारेने बांधला. वहिनीला दाखवायचं राहिलं. मला वाटलं, दादाच्या कामात मी एवढी एक भर घातली.

शनिवारी सकाळी वहिनीने किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. जागेवर उभी असताना काहीच तक्रार नव्हती. आम्ही मागे मातीची पोती भरली आणि निघालो. मी शेजारी बसलो आणि एकही सूचना केली नाही.

फ्लायओव्हरच्या चढाला लागेपर्यंत ठीक होतं. मग वहिनीने पाय दाबला आणि गाडी वेग घेईचना. आरशात काळा धूर दिसायला लागला. मागचे हॉर्न वाजवत होते. तिने गिअर उतरवला, पुन्हा उतरवला. आम्ही कसेबसे वर पोचलो, पलीकडे उतरलो आणि तिने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात तिने काढले नाहीत.

"पहिल्यापेक्षा वाईट आहे," ती म्हणाली. "देऊन टाकते. उद्या येऊ दे त्याला."

ती उतरली आणि तिनेच बॉनेट उघडलं. मग तिने हाक मारली.

"भाऊजी, हे पांढरं काय गुंडाळलंय?"

"प्युरिफायरचा फिल्टर. नवा होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बेडरूमचा?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

"अहो, तिला चढ चढायचाय. झोपायचं नाहीये." तिने तार सोडवायला घेतली. "सगळ्या घरादाराने मिळून हिचं नाक दाबायचं ठरवलंय बिल्कुल."

थर काढून तिने माझ्या हातात दिला. आम्ही वळसा घालून परत आलो आणि तोच फ्लायओव्हर तीच पोती घेऊन पुन्हा चढलो. गाडी चढली. पूर्वीपेक्षा जोर वाढला का, हे मला सांगता येणार नाही, मोजायला आमच्याकडे काही नव्हतं. आवाज मात्र नक्की वाढला. बॉनेटखालून खोल श्वास ओढल्यासारखा आवाज यायचा, पाय दाबला की लांब, सोडला की एक छोटा उसासा.

"हा आवाज आधी नव्हता," मी म्हणालो.

"त्यांना हाच हवा होता," वहिनी म्हणाली. "जोर वगैरे सांगायला. ते व्हिडिओ मोठा आवाज करून बघायचे, मला काय कळत नव्हतं का?"

वर पोचल्यावर तिने डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि गाडी पुढे नेली. पोती जिथे द्यायची होती तिथे दिली. कुंड्या कुठे ठेवायच्या यावरून त्या घरातल्या बाईंशी तिने पुष्कळ वाद घातला आणि जिंकली. परत येताना पेट्रोल पंपावर थांबून डिझेल भरलं आणि तिथूनच टेंटवाल्याला फोन लावला.

"नहीं भैया, अब नहीं देनी. चल रही है."

दिल्ली परिसराच्या नियमाप्रमाणे डिझेल गाडी दहा वर्षंच चालवता येते; त्या हिशेबाने या गाडीची आणखी काही वर्षं बाकी आहेत. वहिनी ती रोज काढते. महिन्यातून एका रविवारी मी मेट्रोने नोएडाला जातो, फिल्टर काढून धुतो, सावलीत वाळवतो आणि परत लावून देतो.