जपून मावशींचं इंजिन

जपून मावशींना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंच्या तोंडात सदा तोच एक शब्द. काच उचलताना जपून, ठेवताना जपून, रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसालाही गाडीच्या खिडकीतून जपून. एकदा दवाखान्यात नर्स सुई टोचायला आली, तर मावशींनी तिलाही तेच सांगितलं, आणि त्या बिचारीला शीर तीनदा शोधावी लागली.

मावशींचा धंदा काच पोचवण्याचा. दुकानात कापलेली तावदानं, आरसे, मोठ्या दर्शनी काचा पिकअपवर चढवायच्या आणि सांगाल तिथे धडधाकट उतरवून द्यायच्या. गाडीच्या मागच्या हौद्यात जाड कापड ठोकलेला लाकडी घोडा आहे. काच त्यावर कलती टेकवतात, पट्टे आवळतात, आणि एक माणूस मागे बसून घोड्याला खांदा लावून राहतो. अठरा वर्षं मावशी पुढे स्टिअरिंगवर आणि नवरा मागे, असा हा संसार चालला. मग नवऱ्याचा उजवा खांदा कायमचा धरला, हात वर जाईना, आणि गेली तीन वर्षं मागची जागा सुनेने घेतली आहे. एकवीस वर्षांत एक काच फुटली नाही. हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही, मावशी स्वतःच सांगतात, विचारा किंवा नका विचारू.

घोडं अडलं ते टेकडीच्या माथ्यावर. तिथल्या वस्तीत मावशींच्या खेपा नेहमीच्या, पण आता तिथे डोळ्यांचं नवं हॉस्पिटल उभं राहत होतं आणि त्याला पुरुषभर उंचीच्या अठरा काचा बसायच्या होत्या. काचेच्या दुकानाचे मालक मावशींना म्हणाले, की काम हक्काने तुमचंच, पण तुमची पेट्रोल गाडी निम्म्या चढावरच धापा टाकते. सोमवारपर्यंत काय ते सांगा, नाहीतर मला दुसरी गाडी बघावी लागेल. हे मावशींच्या फार जिव्हारी लागलं. गावात सगळ्यात मोठी काच येणार आणि ती दुसऱ्या कुणाच्या गाडीतून जाणार, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

गल्लीच्या टोकाला ज्यांचं गॅरेज आहे त्या उस्तादांनी बोनेट उघडून सरळच सांगितलं. हेच पेट्रोल इंजिन उघडून नीट करून देतो, आत्ताइतकंच गुपचूप चालेल, पण टेकडीवर भार ओढायचा त्याचा पिंडच नाही. नाहीतर याच मेकच्या मोडीत निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन माझ्याकडे पडून आहे, ते बसवू. वजनाला जास्त आहे, म्हणजे पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे, रेडिएटर मोठा घालायचा, इंजिनाखालचे रबर नवे, आणि कागदपत्रांत बदलाची नोंद करून घ्यायची. करतो म्हणाल तर करू, पण ठरवायचं तुम्ही.

मावशींचं ठरलेलंच होतं. डिझेल म्हणजे थरथराट. डिझेलवर काच घातली तर ती दुकानाच्या दारातच तडकेल, चढ लांबच राहिला. जावई फोनवर डिझेलची बाजू मांडायला लागले तर मावशींनी त्यांना मुलीची तब्येत विचारून विषय गुंडाळला. सून मात्र गुंडाळली जाणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, की उस्तादांची स्वतःची गाडी अशीच आहे, फक्त डिझेल. रविवारी एक टाकाऊ काच दोन्ही गाड्यांवर घालून बघू.

रविवारी सकाळी गॅरेजसमोर दोन्ही पिकअप शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. कोपरा उडालेली एक जुनी काच उस्तादांच्या गाडीवर चढवली, गाडी सुरू केली, आणि काच भुंग्यासारखी घोंघावायला लागली. मावशींनी तळवा काचेवर ठेवला आणि विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"आई, ही उभी गाडी झाली," सून शांतपणे म्हणाली. "उभ्या गाडीतून काच कुठे पोचवायची असते का?"

उस्ताद तोंड फिरवून हसले. मावशींचा पारा चढला. बघतेच आता, असं म्हणून त्या साडीचा पदर खोचून मागे चढल्या, घोड्याला खांदा लावून बसल्या आणि सुनेला स्टिअरिंगवर बसवलं. उस्ताद तिच्या शेजारी बसले. एकवीस वर्षांत त्या मागे बसल्या नव्हत्या. गाडी चालवायची त्यांनी, मग मागे बसायचा प्रश्नच कधी आला नव्हता.

गाडी निघाली तसं काचेचं घोंघावणं कमी झालं. चढ लागला तेव्हा डिझेलने आवाज वाढवला खरा, पण एकाच गियरमध्ये, बोजा घेतलेल्या हमालासारखी संथ पावलं टाकत गाडी माथ्यापर्यंत गेली. मावशींच्या खांद्याला काही जाणवलंच नाही. गाडी वळवून सगळे खाली आले. काच आता त्यांच्या स्वतःच्या गाडीवर चढवली, आणि पुन्हा त्याच चढाला सुरुवात झाली.

पहिल्याच वळणावर गाडीचा दम गेला. सुनेने गियर खाली टाकला, गाडीने हिसका दिला, आणि काचेसकट सगळा घोडा मावशींच्या खांद्यावर येऊन आदळला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. दुसऱ्या वळणावर तेच. मावशींनी हौदा थोपटून गाडी थांबवली आणि सुनेवर तोंडसुख घेतलं. गाडी चालवतेस की ढकलतेस, गियर टाकायची ही काय रीत झाली. मग चाळीस वर्षं हात बसलेल्या उस्तादांना चालवायला बसवलं. हिसका तसाच बसला.

"हा तिसरा," शेजारी येऊन बसलेली सून म्हणाली. "माथ्यापर्यंत सात आहेत. सहावा जपून घ्या, तो सगळ्यात वाईट."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "मी चालवते तेव्हाही?"

"तुम्ही चालवता म्हणून तर सातच. गाडीच तशी आहे, आई. वळणावर पट्टे ढिलावतात, मग खांदा घालावाच लागतो. बाबांनी पहिल्याच दिवशी सगळे मोजून दाखवले होते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते."

घरी आल्यावर मावशी थेट नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ते खुर्चीत बसून डाव्या हाताने वर्तमानपत्राची घडी घालत होते. त्यांचा खांदा वयामुळे धरला, हे डॉक्टरांना मावशींनीच मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं, आणि ते आठवून त्यांना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, अठरा वर्षं हिसके खाल्लेत. एका शब्दाने बोलला नाहीत?"

त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि बातमी फुटल्याचं ओळखलं. "तू समोरचा रस्ता बघायचीस," ते म्हणाले. "मागचं मनात आलं असतं तर हात बिचकला असता तुझा. बिचकलेल्या हाताने काच पोचत नाही, अगं."

मावशींना रडूही आलं आणि रागही. त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं, ते मात्र त्यांच्या ओळखीचं होतं. अभिमानच तो, पण आजवर त्या तो स्वतःबद्दल बाळगत आल्या होत्या. सुनेला त्यांनी पदर बाजूला कर म्हणून सांगितलं आणि तिचा खांदा पाहिला. तिथेही हळदीच्या रंगाचा जुना वळ होता. मग त्या चप्पल घालून तशाच गॅरेजवर गेल्या आणि उस्तादांना म्हणाल्या, की डिझेल बसवा. घोड्याचं कापड दुप्पट जाड करू, काच चढवता-उतरवताना इंजिन बंद ठेवू, पण त्या चढावर माझ्या घरातल्या माणसाच्या खांद्याला यापुढे हिसका बसता कामा नये.

बारा दिवस गाडी उस्तादांकडे होती. सोमवारी मावशींनी होकार कळवला तेव्हा मालक कुरकुरत तेवढे दिवस थांबायला तयार झाले. तेराव्या दिवशी पहिली मोठी काच चढवली आणि मावशींनी नवऱ्याला आपल्या शेजारी, पुढे बसवलं. मागे सून. गाडी एकाच गियरमध्ये माथ्यापर्यंत गेली. वर पोचल्यावर मावशींनी आधी इंजिन बंद केलं आणि मागे वळून पाहिलं, तर सून चक्क जांभई देत होती.

बांधकामाचे इंजिनीयर लगबगीने आले. मालकांनी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. "तुम्हीच का त्या? एकवीस वर्षांत एकही काच फुटली नाही म्हणे तुमच्या हातून."

याच वाक्याची मावशी एरवी वाट पाहत असत.

"माझ्या हातून नाही," त्या म्हणाल्या. "गाडी मी चालवली. काच यांनी पोचवली, स्वतःच्या खांद्यावर. त्यांच्यानंतर माझ्या सुनेने."

मावशींचे यजमान गोंधळून गाडीतून उतरले. इंजिनीयरांनी हात पुढे केला, आणि उजवा वर जात नसल्यामुळे यजमानांनी डावा दिला. इंजिनीयरांनी तो दोन्ही हातांत धरला आणि काच कुठे उतरवायची ते मावशींना नाही, त्यांनाच विचारलं.