मुक्यांच्या मयतीत गोदाबाई

आमच्या परसवाड्याकडच्या गावांत मयत झाली की बाया हेल काढून रडतात. मेलेल्याचं नाव घेत, त्याचे गुण सांगत. ज्याच्या अंगणातून रडणं ऐकू येत नाही, त्याला मागे कोणी नाही असं लोक धरून चालतात. गोदाबाईला मात्र स्वतःच्या नवऱ्यासाठी रडायची मनाई होती, आणि ती तिच्या दिरानं घातली होती.

तिचा नवरा महागू मोठ्या लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या तुकडीतला, बिरसा गावचा पुनाराम लढाई संपल्यावर वाट वाकडी करून आमच्या गावी आला. ओसरीवर बसून त्यानं सांगितलं, नदी उतरताना महागू आपल्या डोळ्यांदेखत वाहून गेला. गोदाबाई तोंड उघडणार, तोच धाकटा दीर शालिकराम ओरडला, "माह्या जित्या भावाले मारून राह्यला काय रे, दारुड्या?"

पुनारामला त्यानं हाकलून दिलं. आठवड्याभरात गावभर झालं की महागूनं रंगूनला दुसरी बाई केली आहे. ही बातमी कुठून आली ते कोणी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. महागू मेला म्हटलं की धानाच्या अर्ध्या बांध्या, म्हणजे अर्धी शेतं, वहिनीच्या होत होत्या. जिता म्हटलं की सगळं शालिकरामच्या हातात. शालिकराम आता वर गेला आहे. गेलेल्याला नावं ठेवू नयेत म्हणतात, मी ठेवते.

तर गोदाबाईनं कुंकू लावायचं, हिरव्या बांगड्या भरायच्या आणि विहिरीवर बायांचं ऐकायचं. "काय वो गोदे, रंगूनची सवत बरी हाये ना?" मग हसणं. ती घागर डोक्यावर घ्यायची आणि निघून जायची.

एकसष्ट साली कार्तिकात, हलकं धान कापून झाल्यावर, गावातली माणसं कलकत्ता-गयेच्या यात्रेला निघाली. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तरीण होते, मीही गेले. शालिकरामला गयेत आईबापाचे पिंड पाडायचे होते. गोदाबाई कशासाठी आली ते गाडीत कळलं. गोंदिया सुटल्यावर तिनं दिरापुढे पदर पसरला.

"भाऊजी, गयेले त्याईच्या नावाचा एक पिंड टाका. बांध्या तुमच्याच राहू द्या. मले काही नाही पायजे."

"जित्या मानसाचा पिंड? मले पाप लावतं काय, वयनी?" तो म्हणाला, आणि मुरमुरे खात खिडकीबाहेर पाहू लागला. नवरा मेला एवढं एकदा मान्य करा, इतकंच ती मागत होती. तेवढंही त्यानं दिलं नाही.

कलकत्त्यात दुलीचंद नावाचा पंड्याचा माणूस आम्हाला शहर दाखवत होता. सकाळी एका मोठ्या मैदानाच्या कडेला गर्दी दिसली. मधोमध पांढऱ्या दगडाचा उंच चौथरा, भोवती शिपाई, काही म्हातारे साहेब, कोटावर लाल कागदी फुलं लावलेल्या मडमा.

"किसका है?" गोदाबाईनं विचारलं.

"लड़ाई में जो मरे, उनका. हर साल होता है," दुलीचंद म्हणाला.

"बर्माच्या लढाईतले बी?"

"सब लड़ाई के, माई."

ती पुढे सरकली. साहेबांनी फुलांची चक्रं दगडापाशी ठेवली, बिगुल वाजला, टोप्या उतरल्या आणि सगळे एकदम गप्प झाले. इतकी माणसं, आणि कोणी चकार शब्द बोलेना. मेलेल्यांसाठी गप्प उभं राहायची ही रीत आमच्यातल्या कोणालाच ठाऊक नव्हती. मला वाटलं, काही बिनसलं असावं. गोदाबाईला वेगळंच वाटलं. एवढी मयत, आणि रडायला एक बाई नाही!

तिनं दोरीखालून वाकून चौथरा गाठला आणि दोन्ही मनगटं पायरीवर आपटली. बांगड्या फुटल्या. मग तिनं हेल काढला.

"अवो माह्या धन्या, मले कोनाच्या भरवशावर टाकून गेले वो! पोहता येत नव्हतं, नदीत काहून उतरले वो!"

सोळा वर्षांचं रडणं होतं ते. मीही रडले. एका मडमेनं कपाळाला आठ्या घालून तोंडावर बोट ठेवलं. दोन शिपायांनी गोदाबाईला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं आणि रस्त्याच्या कडेला सोडलं. मनगटातून रक्त येत होतं. तरी तिचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. "झालं, मास्तरीणबाई," ती म्हणाली. "आता तं मेले ना ते?"

गयेत शालिकरामनं आईचा, बापाचा, आज्याचा पिंड पाडला. आणखी कोणी राहिलं का, असं पंड्यानं विचारलं, तेव्हा त्यानं म्हाताऱ्या लाल्या बैलाचाही पाडला. भावाचा नाही. गोदाबाई मागे बसून पाहत होती.

गावी आल्यावर तिचे हाल कुत्रं खाईना. जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडल्या म्हणून हळदीकुंकवाला कोणी बोलावेना, आणि नवरा मेलेला नाही म्हणून विधवांच्या पंगतीत बसवेना. तरी तिनं पुन्हा बांगडी भरली नाही. शालिकरामनं घरात कासारीण आणून बसवली, शिव्या दिल्या, दोन दिवस जेवण बंद केलं. ती मुठी आवळून बसली, ती बसलीच.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ती गेली. मी पोचले तेव्हा अंगणात प्रेत होतं, हिरवं लुगडं नेसवलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कोणी रडत नव्हतं. "माहा भाऊ जिता हाये," शालिकराम सांगत होता, "वयनी सवाष्ण गेली." कासारीण तिचा हात मांडीवर घेऊन बांगड्या चढवत होती. हात ताठला होता, मूठ उघडेना. दोन बांगड्या कचकन फुटल्या आणि मनगटात रुतल्या.

कासारणीनं घाबरून वर पाहिलं.

"दुसऱ्या घाल," शालिकराम म्हणाला.