फ्रान्सिस अंकलचं लॉगिन

मंडळी, सकाळपासून एकाच माणसाचा विचार करतेय.

आमचा बर्फाचा कारखाना. कुठल्या बंदराला किती बर्फ हवाय, याचा रिपोर्ट सर्व्हर रोज पहाटे आपोआप काढतो आणि तो बघूनच गाड्या सुटतात. आज रिपोर्ट कोरा! बंदरावर मासळी खोळंबलेली आणि मॅनेजरचे मला फोनवर फोन, कारण सर्व्हर मी सांभाळते.

नायगावच्या घरी खिडकीत लॅपटॉप उघडला. समोर खाडी अजून अर्धवट झोपेत होती. डेटाबेसच्या कनेक्शनमध्ये बघते तर लॉगिन फ्रान्सिस अंकलचं! माझ्या आधी हे काम बघणारे अंकल कधीच रिटायर होऊन राजोडीला निवांत बसलेत. सर्व्हर बसवताना त्यांनी स्वतःचंच नाव आणि पासवर्ड टाकला होता. तेव्हापासून सर्व्हर रोज त्यांच्याच नावाने आत शिरत होता. काल ऑफिसने सोडून गेलेल्यांची खाती बंद केली आणि तो दारातच अडला.

मी सर्व्हरसाठी वेगळं खातं काढलं, त्याला फक्त वाचायची परवानगी दिली. रिपोर्ट आला, गाड्या सुटल्या.

पण अंकलचं नाव पुसताना हात थबकला. सुरूच्या बागेपलीकडच्या घरात अंकल साखरझोपेत, आणि त्यांचं नाव मात्र अंधारात एकटंच कामावर निघालंय, असं काहीतरी दिसत राहिलं.

शेवटी त्यांना फोन केलाच.

"म्हंजे बाय, मी अजून कामाला येत होतो?"

"हो अंकल, रोज पहाटे. कालपर्यंत," मी म्हटलं.

"तरीच आज जाग उशिरा आली."

तुमचं नाव अजून कुठे कामाला जातंय, बघितलंय कधी?