तिच्या वावेची दोरी

मला लिहिता फारसं येत नाही. दुसरीत शाळा सुटली. पण एक गोष्ट खोटी राहिली आहे, ती मी मरायच्या आत खरी करून ठेवणार. बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमची कोळ्यांची वाडी खाडीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे, आगरदांड्यावरून दिघी दिसते तशी समोर. पोरगी सहा वर्षांची झाली होती. पावसाळ्याचे चार महिने होडी बंद, म्हणजे शाळाही बंद. वाडीला शाळा द्या म्हणून कचेरीत गेलो, तर कारकुनाने नकाशावर पट्टी ठेवली. "पाऊण मैल. इतक्या जवळ शाळा असताना दुसरी मिळत नाही."

बायको माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "मंग दादा, ती पट्टी खाडीवर ठेवा. पोर चालत जाईल."

कारकून हसला नाही. आतले साहेब हसले. म्हणाले, "जमिनीवरून किती पडतं ते मोजून आणा. मग बघू."

मोजायचं कशाने? आम्ही दोरी वावेने मोजतो. दोन्ही हात ताणून पसरले की या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत एक वाव. घरातलं दोरी-जाळ्यांचं काम तिच्या हातचं, म्हणून वीस वावांची दोरी तिनेच मोजून गाठ मारली. खाडीला वळसा घालून वाट जाते, त्या वाटेने निघालो. पुढचं टोक माझ्याकडे, मागचं तिच्याकडे. दोरी एकदा ताणली की ती कमरेच्या पिशवीत एक चिंचोका टाकायची.

शाळा दिसू लागली आणि ओढ्यात तिचा पाय घसरला. पिशवी उपडी झाली, चिंचोके पाण्याबरोबर गेले. मी म्हटलं, "अडीचशे सांगू. कोण येतंय बघायला?"

"न्हाय. त्यानं बसल्या जागी पाऊण मैल सांगितला, तुम्ही बसल्या जागी अडीचशे सांगाल. मग फरक काय?" आणि ती मागे वळलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाडीपासून पहिली दोरी. या वेळी तिने पिशवीचं तोंड शिवून घेतलं होतं, एक चिंचोका जाईल एवढंच भोक ठेवून.

कचेरीत साहेबांनी चिंचोके मोजून घेतले, दोरीला आपली फीत लावली, कागदावर गुणाकार केला. पाच मैलांना थोडं कमी. "दोरी कुणी मोजली?"

"मी," मी म्हणालो. बाईमाणसाचं माप धरणार नाहीत असं वाटलं. पण तेवढंच नव्हतं. मला मिरवायचं होतं.

परतताना वाटेत ती एकदाच म्हणाली, "वाव माजी होती."

शाळा मिळाली. आमच्याच ओटीवर पहिला वर्ग बसला, पोरगी पहिल्या रांगेत. वाडी म्हणायची, यानं शाळा आणली. मी कधी कुणाला अडवलं नाही.

दोरी अजून घरात टांगलेली आहे. परवा पोरीला बोलावलं आणि तिच्यासमोर माझ्या हातांनी मोजली. सतरा वावा भरल्या, थोडी उरली. पुन्हा मोजली. तेवढीच. वीस तिच्या आईच्याच हातांनी भरायची.